फी फी बेटांवर जाताय? आधी भरती-ओहोटीच्या वेळा बघा

बरेच जण थायलंडमधल्या फुकेत नाहीतर क्राबीहून फी फीची एका दिवसाची टूर घेतात आणि नेमकं सगळ्यात गर्दीच्या वेळेला तिथे पोचतात. जमलं तर फी फी डॉनवर, म्हणजे मुक्कामाची सोय असलेल्या मोठ्या बेटावर, दोन रात्री रहाच, फेरी दोन्हीकडून मिळते, साधारण दीड-दोन तास. नोव्हेंबर ते एप्रिल समुद्र शांत असतो, मे पासून पावसाळा लागतो, मग लाटा मोठ्या आणि बोटींचा भरवसा नाही.

पोचल्यावर पहिलं काम म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळा बघणं. फी फी डॉनच्या लो डालम किनाऱ्यावर ओहोटीत पाणी इतकं मागे जातं की पोहण्यापुरतं खोल मिळेपर्यंत चालतच रहावं लागतं, आणि शेजारच्या फी फी ले बेटावरच्या पिले लगूनचं (कड्यांनी वेढलेल्या खाडीचं) तोंड उथळ आहे, तिथे भरतीतच मजा. पौर्णिमा-अमावस्येला तर फरक अजून वाढतो. म्हणून आदल्या संध्याकाळीच लाँगटेल बोटवाल्याशी (इथली लांब लाकडी मोटरबोट) बोलून घ्या, भरती सकाळची असेल तर उजाडताच निघायचं असं ठरवा. लगूनमध्ये बोट कड्याच्या जवळ घ्यायला सांगा आणि पाण्याच्या रेषेला बघा, चुनखडी आतून खाल्ल्यासारखी दिसते, वरचा दगड छज्जासारखा पुढे आलेला. हा दगड म्हणजे जुन्या समुद्री जीवांचे कवच-सांगाडे साठून झालेला, मला तर हे कळल्यापासून ते कडे वेगळेच दिसायला लागले.

फी फी ले वरचाच माया बे हा प्रसिद्ध किनारा जून 2018 मध्ये बंद केला होता, बोटींच्या नांगरांनी आणि गर्दीने कोरलची (प्रवाळांची) वाट लागली होती. जानेवारी 2022 ला उघडला. आता बोटी बेटाच्या मागच्या लो समाह खाडीच्या बाजूला लागतात, पोहायला बंदी आहे, गुडघ्यापर्यंतच पाण्यात जाता येतं, पण तेवढ्यातही काळ्या टोकाचे छोटे शार्क दिसू शकतात. ऑगस्ट-सप्टेंबर बंद असतो, तारखा बघूनच बुकिंग करा.

सनस्क्रीन घेताना मागचं लेबल वाचा, ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेली 2021 पासून थायलंडच्या नॅशनल पार्कमध्ये चालत नाहीत, दंड 1 लाख बाटपर्यंत. त्यापेक्षा फुल बाह्यांचा स्विम टीशर्ट घाला, पाठ भाजत नाही.

आणि स्नॉर्कलिंग करताना मास्कमध्ये पाणी शिरलं की पाय आपोआप खाली टेकायला जातात, ते टाळा प्लीज, खाली जिवंत कोरल असतं नाहीतर काटेरी समुद्री अर्चिन. लाइफ जॅकेट घातलेलं असू द्या, पाठीवर उलटं व्हा, मास्कची खालची कड जरा उचला, पाणी निघून जातं.