पहिल्या दहा मेंढ्या: जात कशी ओळखावी, कळप कसा उभा करावा

मेंढीपालन करायचं ठरलं की बरेच जण आधी शेड बांधायला घेतात. पत्रे, लोखंडी कैच्या, सिमेंटचा कोबा यातच पैसा संपतो आणि मग बाजारातून मिळतील ती स्वस्त जनावरं आणली जातात. माणदेशातले आमचे धनगर बांधव मात्र उघड्या रानात वाघर (दोरीच्या जाळीचं कुंपण) लावतात, आत मेंढरं बसवतात, कोकरं डालग्याखाली (मोठ्या टोपलीखाली) झाकतात आणि राखणीला कुत्री ठेवतात. एवढ्यावर शेकडो मेंढरांचे वाडे (कळपांचे तळ) वर्षानुवर्षं चालत आले आहेत. म्हणून माझं सांगणं असं की आधी चारा बघा, मग जात ठरवा, मग जनावर घ्या. निवाऱ्याचं काम सगळ्यांत शेवटी.

१. चाऱ्याचा हिशेब

३०-३५ किलोच्या मेंढीला दिवसाला साधारण एक ते सव्वा किलो सुका चारा लागतो. शेळी मान वर करून झाडपाला ओरबाडते, मेंढी मात्र जमिनीलगतचं बारीक गवत वेचून खाते. पडीक माळ, काढणी झालेली ज्वारी-बाजरीची रानं आणि हरळीचे बांध जवळ असतील तर मेंढी परवडते. नुसतीच बाभळी-बोरीची झुडपं असतील तर शेळीचा विचार करा. उन्हाळ्यासाठी तुरीचं आणि हरभऱ्याचं भुसकट आणि भुईमुगाचा पाला साठवून ठेवा.

२. जात ओळखा

*दख्खनी:* आपल्या पठाराची मूळ मेंढी. अंग मध्यम, रंग बहुतेक काळा, काहींवर पांढरे ठिपके किंवा पट्टे. लोकर जाडीभरडी, ती घोंगडीच्या कामाची. रोज मैलोन्‌मैल चालते, कमी चाऱ्यावर तग धरते. सहसा एका वेताला एकच कोकरू देते. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी ही नावं बाजारात ऐकाल, ते सगळे दख्खनीचेच प्रकार.

*माडग्याळ:* सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरून हे नाव पडलं. उंच, लांब अंगाची, पांढऱ्यावर तांबूस-तपकिरी ठिपके. एका बाजूने बघा, नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार दिसेल. कोकरं झपाट्याने वाढतात, म्हणून मटणासाठी मागणी मोठी. नाक जितकं बाकदार तितकी बोली चढते, पण नवख्याने निव्वळ नाकासाठी जादा पैसे मोजू नयेत.

*नारी सुवर्णा:* फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तयार केलेली जात. बंगालच्या सुंदरबनातल्या छोट्या गरोळ मेंढीत जुळी होण्याचा गुण आहे, तो संकरातून दख्खनीत आणला. दोन कोकरं एकदम मिळतात खरी, पण दोघांना पुरेल इतकं दूध येण्यासाठी मेंढीला खुराक (धान्य-पेंडीचा जादा आहार) द्यावाच लागतो. नुसत्या माळावर सोडणार असाल तर ही घेऊ नका.

परराज्यातल्या दोन जातीही दिसतात. आंध्रची नेल्लोर उंचपुरी, अंगावर लोकर जवळपास नाहीच. कर्नाटकातली बन्नूर म्हणजेच मंड्या मात्र ठेंगणी आणि भरीव. नवख्याने १० दख्खनी मेंढ्या आणि एक चांगला माडग्याळ नर घेऊन सुरुवात करावी, असं माझं मत आहे. काटकपणा आईकडून येतो आणि वाढ बापाकडून.

३. बाजारात काय तपासावं

तोंड उघडून खालचे पुढचे दात बघा. वरच्या जबड्याला पुढे दात नसतातच, त्यामुळे घाबरू नका. दोन मोठे दात म्हणजे एक-दीड वर्ष, चार म्हणजे दोन, सहा म्हणजे तीन आणि आठही पूर्ण आले की चार वर्षांच्या आसपास. दोन किंवा चार दातांची मेंढी घ्या. कास दाबून गाठ लागते का ते पाहा.

मग अंगठ्याने खालची पापणी ओढा. आतला भाग लालबुंद हवा. पांढुरका दिसला तर पोटातले जंत रक्त पीत आहेत असं समजा. जबड्याखाली पाणी उतरून सूज आली असेल तर ती मेंढी स्वस्तातही नको. नराचे दोन्ही वृषण सारखे आणि घट्ट असावेत. २५-३० मेंढ्यांना एक नर पुरतो, दोन वर्षांनी तो बदला, नाहीतर बापलेकींचा संकर होतो.

४. निवारा

जागा उंचवट्यावर, तळ मुरमाचा, दर मेंढीमागे १०-१२ चौरस फूट. थंडी मेंढी सोसते, पण ओल सोसत नाही.

५. गाभण मेंढी आणि कोकरू

मेंढी पाच महिन्यांनी विते. पोटातल्या कोकराची बरीचशी वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते, म्हणून खुराक तेव्हा वाढवायचा. गायी-म्हशींचं खनिज मिश्रण मात्र मेंढीला देऊ नका. त्यात तांबं जास्त असतं आणि मेंढीला त्याची विषबाधा होते.

कोकरू पडलं की नाक-तोंड पुसा, नाळेला आयोडीन लावा आणि आईला चाटू द्या. पहिल्या तासाभरात चीक (व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध) पोटात गेलाच पाहिजे. कधीकधी सडाच्या तोंडाशी चिकट गुठळी असते आणि कोकरू चोखून चोखून थकतं. आपल्या बोटांनी प्रत्येक सडातून एक-दोन धारा आधी काढा, मग कोकराचं तोंड लावा. शेपटी जोरजोरात हलायला लागली की चीक उतरतोय असं समजा.

६. पावसाळ्याआधीचं काम

एका वर्षी आम्ही आंत्रविषाराची (आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या रोगाची) लस पुढे ढकलली. मृगाचा पाऊस झाला, माळ हिरवागार झाला आणि मेंढरं कोवळ्या गवतावर तुटून पडली. तिसऱ्या दिवशी सकाळी वाड्यात तीन कोकरं ताठ होऊन पडलेली. तिन्ही कळपातली सगळ्यांत गुबगुबीत. हा रोग भरपूर खाणाऱ्या धडधाकट कोकरालाच आधी गाठतो आणि औषधाला वेळ देत नाही. तेव्हापासून मे महिन्यातच लस देतो आणि दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा. पहिले काही दिवस रानात सोडण्याआधी सुका चाराही घालतो.

पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग), घटसर्प, मेंढ्यांच्या देवी आणि लाळ्या खुरकूत यांच्या लसींचं वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ठरवून घ्या. पावसाळ्यात दव वाळल्याशिवाय कळप सोडू नका, कारण जंतांची पिल्लं ओल्या गवताच्या शेंड्यावर चढून बसलेली असतात. जंताचं औषध देताना आधी पापण्या बघा आणि ज्यांच्या फिकट असतील त्यांनाच द्या. सगळ्यांना सारखं देत राहिलं की औषध लागू पडेनासं होतं.

लोकर वर्षातून दोनदा कातरा. तिला आज भाव फारसा नाही, पण वाढलेली लोकर भिजली की अंग वाळत नाही आणि गोचिडं वाढतात. खरी जोड-कमाई लेंडीखताची. उन्हाळ्यात शेजारच्या रानात रात्री मेंढरं बसवायची, रानमालक धान्य किंवा पैसे देतो. मात्र हा व्यवहार आधी बोलून ठेवा, आणि जवळपास ज्वारीचे कोवळे फुटवे नाहीत ना ते स्वतः फिरून बघा. ते विषारी असतात, खाल्ले तर मेंढी तासाभरातही जाते.