सत्तरीच्या धबधब्यांवर निघालात? आधी या चुका टाळा

पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या वाळपईत चहाच्या हॉटेलासमोर बेळगाव, कोल्हापूर, पणजीच्या गाड्या थांबतात, काच खाली होते आणि ठरलेला प्रश्न येतो: "धबधबा चालू आहे का?" पाणी चालूच असतं हो. विचारायला हवं ते वेगळंच, की तो धबधबा कुणाच्या हद्दीत येतो? सत्तरीत आणि तिथून खाली मोले, नेत्रावळीपर्यंतच्या गोव्याच्या सगळ्या सह्याद्रीत नियम ठरतो तो यावर. अभयारण्यात असेल तर वनखात्याचा शब्द, रुळांलगत असेल तर रेल्वेचा, वाट कुळागरातून, म्हणजे सुपारीच्या बागेतून, जात असेल तर बागायतदाराचा, देवराईत असेल तर गावचा. हे वेगवेगळे धनी एकाच मापानं मोजले की दंड होतो, भांडण होतं, कधी त्याहून वाईटही होतं.

नुसतं नाव टाकून नकाशावर विसंबणं

ही चूक किरकोळ वाटते, पण अख्खा दिवस खाते. गोव्यात केरी एक नाही. चोर्ला घाटाच्या पायथ्याची, अंजुणे धरणाजवळची केरी सत्तरीत, समुद्रकिनाऱ्याची केरी पेडण्यात, तिसरी फोंड्यात. सुर्लचंही तसंच: घाटमाथ्याचं सुर्ल सत्तरीत, खाणींचं सुर्ल डिचोली तालुक्यात आणि महादेवाचं पुरातन देऊळ आहे ते तांबडी सुर्ल धारबांदोड्याच्या रानात. धबधबा पाहायला निघून पेडण्याच्या वाळूत पोचलेली मंडळी दर हंगामात भेटतात. तालुक्याचं नाव जोडून शोधा आणि वाळपई किंवा साखळी सोडण्यापूर्वी नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. पुढं रेंज कधी असते, कधी नसते.

गेल्या वर्षीची रील पाहून यंदा निघणं

म्हादई आणि नेत्रावळी ही दोन्ही अभयारण्यं १९९९ मध्ये जाहीर झाली, प्रत्येकी दोनशे चौरस किलोमीटरांहून थोडी मोठी. चरावणे, सावरी, मैनापी यांसारखे नावाजलेले धबधबे याच हद्दींत येतात. अभयारण्यात शिरायला परवानगी लागते ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं. फाटकावर मिळणारं तिकीट हीच ती परवानगी. त्यामुळं "फाटकाला वळसा घालून ओळखीच्या पोरानं दाखवलेल्या वाटेनं गेलो" हे धाडस नव्हे, विनापरवाना प्रवेश आहे. तो पोर संध्याकाळी घरी जाईल, जबाब तुम्हाला द्यावा लागेल.

बंदी दर वर्षी सारखी नसते. जुलै २०२३ मध्ये मैनापीला दोघे बुडाले, त्यानंतर अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जाणंच थांबवलं गेलं. कधी बंदी पूर्ण असते, कधी फक्त पाण्यात उतरण्यापुरती, कधी मोठा पाऊस म्हणून चार दिवसांची. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात विचारा आणि हवामान खात्याचा इशारा पाहा. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर बेत रद्द करा. हॉटेलवाला म्हणाला "जावा, काय होत नाही" तरी त्याचा शब्द धरू नका, त्याला खोली भाड्यानं द्यायची आहे. आणि फाटकावरच्या वनरक्षकाशी हुज्जत घालू नका. बंदीचा हुकूम त्यानं काढलेला नसतो, पण रात्री टॉर्च घेऊन तुम्हाला शोधायला जावं लागतं ते त्यालाच.

वर ऊन पडलंय म्हणून पाण्यात उतरणं

सगळ्यात जास्त जीव याच चुकीनं जातात, म्हणून इथं जरा थांबतो.

सत्तरीचे व्हाळ, म्हणजे ओढे, लांबीनं लहान पण उताराला तीव्र. त्यांचं पाणी येतं घाटमाथ्यावरून, सुर्ल-चोर्ला-कणकुंबीच्या बाजूनं. तुम्ही खाली कोरड्या खडकावर भजी खात असता तेव्हा वर तासभर कोसळून गेलेला असतो आणि ते पाणी वाटेत असतं. मातीनं पाणी पिऊन घेतलेलं असलं की नंतरचा जवळजवळ सगळा पाऊस थेट व्हाळात उतरतो. त्यामुळं जुलै-ऑगस्टमध्ये घोट्याएवढं पाणी कमरेपर्यंत यायला फार वेळ लागत नाही.

७ जुलै २०२४ चा रविवार आठवा. पाली गावाच्या धबधब्यावर गेलेले सुमारे ८० जण पलीकडं अडकले, कारण सकाळी चालत ओलांडलेला प्रवाह दुपारी फुगला. अग्निशमन दलानं दोर लावून त्यांना बाहेर काढलं. त्यांत पोहता येणारे बरेच असणार, पण त्या पाण्यात पोहण्याचा प्रश्नच येत नाही. प्रवाह पाय उचलतो आणि पुढं खडक असतात.

पाणी वाढायच्या आधी खुणा दिसतात. नितळ पाणी गढूळ व्हायला लागतं, पाला, काटक्या, फेस वाहून येतो, आवाज जड होतो. यांतली एक खूण दिसली तरी सामान गोळा करत बसू नका, वर चढा. कपडे, चपला, अर्धा शिजलेला भात, सगळं राहू द्या.

समजा अडकलातच. पलीकडं जायचा प्रयत्न करू नका, हात धरून साखळी करून तर मुळीच नाही. एक घसरला की सगळी माळ जाते. काठापासून दूर उंच जागा धरा, सगळे एकत्र राहा, ११२ किंवा अग्निशमन दलाचा १०१ लावा. रेंज नसेल तर दोघांनी चढावर जाऊन प्रयत्न करायचा, पण व्हाळ न ओलांडता. फोन लागला तर गावाचं नाव, तालुका आणि तुम्ही प्रवाहाच्या कुठल्या बाजूला आहात ते आधी सांगा, मग बाकीची कहाणी. पाऊस थांबल्यावर असे लहान प्रवाह काही तासांत उतरतातही. त्या तासांत घाई करणाऱ्यांचा जीव जातो.

धबधब्याखालची कोंड, म्हणजे डोह, हा वेगळा सापळा. वरून शांत, हिरवी, आत भोवरा आणि तळाशी कपारी. कळंगुटला जीवरक्षक शिट्टी वाजवतो, लाल झेंडा असतो. रानातल्या कोंडीवर ते मिळेल असं धरून चालू नका. दारू पिऊन त्यात उडी टाकणाऱ्याबद्दल मी वेगळं काही लिहीत नाही.

दूधसागरला रुळांवरून चालत जाणं

दूधसागर सुमारे ३१० मीटर उंचीचा, गोवा-कर्नाटक सीमेवरचा, भगवान महावीर अभयारण्याच्या हद्दीतला. त्याच्या अंगावरून रेल्वे जाते, म्हणून लोकांना वाटतं रूळ म्हणजे पायवाट. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार विनापरवाना रुळांवर जाण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जुलै २०२३ मध्ये रेल्वे पोलिसांनी शेकडो ट्रेकरांना अडवून उठाबशा काढायला लावल्या, ते व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. उठाबशांवर हसू येतं, पण या घाटाचा चढ ३७ ला १ आहे. उतरणारी मालगाडी ब्रेक दाबला म्हणून जागच्या जागी थांबत नाही, आणि बोगद्यात अंग चोरायला जागा मिळेलच असं नाही. पावसाच्या आवाजात गाडी मागं येईपर्यंत कळतही नाही.

रीतसर मार्ग म्हणजे कुळे गावातून जीप. ती साधारण ऑक्टोबरपासून मेपर्यंत चालते, नदी ओलांडत जाते म्हणून पावसात बंद. भर पावसातला दूधसागर पाहायचाच असेल तर लोंढा-कुळे मार्गाच्या गाडीत खिडकीची जागा धरा आणि आतूनच पाहा. दोन मिनिटं दिसतो, पुरतो.

रानात पार्टी

उघड्यावर दारू, स्वयंपाक, बाटल्या फोडणं यावर गोव्यात २०१९ पासून पर्यटनस्थळांच्या कायद्यानं दंड आहे: तेव्हा एकट्याला दोन हजार, गटाला दहा हजार होता. २०२५ मध्ये कायदा पुन्हा सुधारून दंडाची वरची मर्यादा लाखापर्यंत नेली. पण खरं सांगायचं तर दंड क्वचितच होतो. काचा मात्र नक्की राहतात, आणि त्या व्हाळात उतरून गुरं राखणाऱ्याच्या, कपडे धुणाऱ्या बाईच्या पायात जातात.

वाळपईजवळ दाबोस इथं म्हादईचं पाणी उचलून शुद्ध करतात आणि ते सत्तरीतल्या घरांत नळाला येतं. वरच्या अंगाला तुम्ही शॅम्पू लावून आंघोळ केली, डायपर फेकला, की ते पाणी पुढं कुठं जातं त्याचा हा पत्ता. कचऱ्यासाठी गाडीत एक रिकामी गोण ठेवा आणि भरलेली गोण गावातल्या दुकानामागं टाकून न जाता घरी न्या.

चुलीबद्दल पावसात कुणी काळजी करत नाही, लाकूडच पेटत नाही. धोका फेब्रुवारीपासून. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले, अनेक ठिकाणी, अनेक दिवस. वाळलेल्या रानात विडीचं थोटूकही पुरतं. अभयारण्यात आग लावणं किंवा पेटती ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, मग ती मॅगी शिजवण्यापुरती का असेना.

कुळागर म्हणजे बगीचा नव्हे, देवराई म्हणजे जंगल नव्हे

बऱ्याच वाटा सुपारीच्या कुळागरांतून जातात. माड, सुपारी, मिरी, केळी, जायफळ सगळं एकात एक लावलेलं. मोकळं दिसलं तरी ते कुणाचं तरी वर्षाचं उत्पन्न आहे. पाटाच्या बांधावरून दहा जण एका रांगेत चालले की बांध खचतो आणि दुरुस्ती त्या घरावर पडते. आधी घराकडं जा, दारात उभं राहून विचारा: "आम्ही पलीकडं जाऊ का, काका?" नाही म्हणणारा विरळा. कोकम सरबत मिळायचीही शक्यता असते, ते फुकट समजू नका. बागेतली मिरी, कोकमं, सुपारी विकत घ्या, चार पैसे गावात राहतील. राहायचं असेल तर घरगुती निवास पर्यटन खात्याकडं नोंदवलेला आहे का ते विचारून घ्या.

देवराईचं तर आणखी नाजूक. केरीतली आजोबाची तळी, बांबर इथली निरंकाराची राय ही ठिकाणं गावांनी पिढ्यान् पिढ्या जपली, बांबरला तर जायफळाच्या कुळातल्या झाडांची दुर्मीळ दलदल आहे. तिथं चपला बाहेर, आवाज खाली, आणि सुकलेली काटकीसुद्धा उचलायची नाही. दलदलीत श्वास घेणारी मुळं चिखलाबाहेर आलेली असतात, फोटोसाठी त्यांवर पाय देऊन उभं राहण्याचा मोह आवरा.

शिगम्यातला, म्हणजे होळीच्या सणातला, झर्मे गावचा चोरोत्सव पाहायला आता बाहेरून गर्दी होते. मातीत पुरून घेतलेल्या माणसाच्या तोंडासमोर फ्लॅश मारणारे तिथं भेटतात. विधी चालू असताना मागं उभं राहा, पुढं जायला सांगितलं तरच जा.

माकडांना केळी, ताटात बेडूक

घाटात गाडी थांबवून माकडांना बिस्किटं देणं म्हणजे त्यांना रस्त्यावर बसायला शिकवणं. मग ती टायरखाली येतात, आणि खाऊ आटला की खालच्या बागायतीत उतरतात. सत्तरीतल्या शेतकऱ्याला माकडांबद्दल विचारून पाहा, अर्धा तास सुटका नाही.

पावसाच्या पहिल्या सरींनंतर काही ठिकाणी 'जंपिंग चिकन' अशा गोंडस नावानं बेडूक विकला जातो. पकडणं, विकणं, खाणं, तिन्ही गुन्हा. अळमींचा, म्हणजे रानटी अळंब्यांचा, मामला मात्र सरळ नाही. रोयणीवर, म्हणजे वारुळावर, उगवणारी ही अळमी रस्त्याकडेला पानात बांधून विकतात, चवीला अप्रतिम, आणि विकणाऱ्या बाईचा तो हंगामाचा पैसा. पण अभयारण्यातून ती काढायला मनाई आहे, आणि मागणी वाढली की कळ्यांसकट सगळी रोयण ओरबाडली जाते. माझं मत विचाराल तर एक वाटा घ्या, डिकी भरून नको, आणि स्वतः काढायला रानात शिरू नका. विषारी कुठली ते तुम्हाला ओळखता येणार नाही.

गाडी

भाड्याची घेत असाल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्यानं घेतली आणि घाटात काही झालं तर विम्याचा प्रश्न तुमच्या गळ्यात येतो. चोर्ल्यात धुकं उतरलं की हेडलाइट खाली, वळणावर हॉर्न, आणि फोटोसाठी वळणावर थांबायचं नाही. कितीही सुंदर असलं तरी.

घरी गेल्यावर आलेला ताप अंगावर काढणं

जळवांची भीती बाळगू नका. मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावलं की सुटते, थोडं रक्त येतं, थांबतं. घाबरायचं ते गोचिडीला, आणि तेही पावसात नाही, डिसेंबर ते मे या कोरड्या दिवसांत, जेव्हा लोक पाली-चरावणेच्या रानात ट्रेकला येतात. २०१५ मध्ये पाली गावात माकडताप, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, गोव्यात पहिल्यांदा आढळला आणि सत्तरीनं माणसं गमावली. तो गोचिडीच्या चाव्यानं होतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पॅन्ट मोज्यांत खोचा, पाल्यावर अंग टाकून झोपू नका, परतल्यावर गरम पाण्यानं आंघोळ करून अंग तपासा.

चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत अचानक जोराचा ताप, डोकं आणि अंग प्रचंड दुखणं सुरू झालं तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की सत्तरीच्या रानात गेलो होतो. वाळपईच्या डॉक्टरांना ते लगेच उमगेल, पुण्यातल्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुचणार नाही. आणि वाटेत मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, काठीनं ढोसू नका. त्याच्या अंगावरच्या गोचिडी आता नवं शरीर शोधत असतात. जागा नीट लक्षात ठेवा आणि परतताना वनरक्षकाला किंवा गावातल्या आरोग्य केंद्राला कळवा.