अल्सासच्या वाइन रोडवर मुलांसह तीन दिवस

फ्रान्समधला अल्सासचा वाइन रोड मार्लेनहाइमपासून थानपर्यंत सुमारे 170 किलोमीटर आहे. तीन दिवसांत तो सगळा पालथा घालायच्या फंदात पडू नका. कोलमारला मुक्काम ठेवा. एगिसहाइम, रिकविर, केझर्सबेर्ग ही गावं तिथून अर्ध्या तासाच्या आत आहेत, म्हणजे रोज बॅगा भरायला नकोत.

गाडी बाझेल-म्युलूझ विमानतळावर घेणार असाल, तर बुकिंग करताना 'फ्रेंच बाजू' निवडा. या एकाच विमानतळाला स्विस बाजूही आहे आणि इथे हमखास घोळ होतो. गिअरची सवय नसेल तर ऑटोमॅटिक गाडी आधीच मागून ठेवा. भारतीय लायसन्ससोबत इंटरनॅशनल परमिट घ्या. दहा वर्षांखालच्या मुलांना वयाप्रमाणे सीट किंवा बूस्टर लागतो.

वाइन चाखायला दिवसाला एकच ठिकाण पुरे, तेही फोन करून वेळ घेऊन. रक्तातल्या मद्याची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम, नवख्या चालकाला 0.2. म्हणून चालवणाऱ्याने घोट तोंडात घोळवून थुंकण्याच्या भांड्यात टाकावा. तिथे यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मुलांसाठी द्राक्षरस मागा.

जेवण बारा ते दीडच्या दरम्यान उरका, दोननंतर बरीच स्वयंपाकघरं बंद होतात. शाकाहारी असाल तर सांभाळा: तार्त फ्लांबे या इथल्या पातळ, कुरकुरीत, पिझ्झासारख्या पदार्थावर कांद्यासोबत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतातच. ऑर्डर देतानाच 'सां लारदाँ' (म्हणजे ते तुकडे नकोत) म्हणा. दुपारी मुलं कंटाळली की उनाविरचं करकोच्यांचं उद्यान गाठा.