घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं युरिन इन्फेक्शन: रिपोर्ट बघून नाही, माणूस बघून ठरवा

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. लघवीत जंतू सापडले म्हणजे इन्फेक्शन झालंच असं नाही, कारण वय वाढलं की बऱ्याच जणांच्या लघवीत, विशेषतः बायकांच्या, जंतू नुसते राहतात, काही त्रास देत नाहीत आणि अशांना अँटिबायोटिक देऊन फायदा शून्य, उलट जुलाब लागतात आणि पुढे खरंच गरज पडते तेव्हा तीच गोळी लागू पडत नाही. लघवीला वास येतोय, गढूळ दिसतेय, एवढ्यावरून पण काही ठरवू नका, पाणी कमी प्यायलं तरी तसं होतं.

मग बघायचं काय? नव्याने सुरू झालेला त्रास. लघवी करताना जळजळ, सारखं सारखं जावं लागणं, आधी धरता यायची ती अचानक न धरता येणं, ओटीपोटात दुखणं, लघवीतून रक्त. सोबत ताप किंवा कमरेच्या वर एका बाजूला दुखत असेल तर इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं. म्हाताऱ्या माणसांना ताप कधीकधी चढतच नाही, त्यामुळे त्यांचं नेहमीचं टेंपरेचर किती असतं ते माहीत असलेलं बरं.

आता बरळण्याचं सांगते, कारण इथेच सगळे फसतात, आम्हीही फसलो. सासूबाई एका संध्याकाळी मला ओळखेनात, कपाटातले कपडे काढून पिशवीत भरायला लागल्या, घरी जायचंय म्हणाल्या. लघवीच्या रिपोर्टमध्ये पस सेल्स (पू-पेशी) दिसले, लगेच अँटिबायोटिक सुरू झालं, पण जळजळ नाही, ताप नाही, फरकही काही नाही. तीन दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरांनी गोळ्यांची पिशवीच मागितली, त्यात सर्दीची गोळी निघाली, त्यानेच डोकं गरगरलं होतं आणि लघवीही अडली होती. गोळी बंद केली आणि दोन दिवसांत त्या मला नावाने हाक मारायला लागल्या. म्हणून माणूस अचानक गोंधळला तर डॉक्टरकडे न्याच, पण नेताना सगळ्या गोळ्या बरोबर घ्या, पोट कधी साफ झालं, पाणी किती प्यायलं, पडलेत का, हेही सांगा.

सॅम्पल नीट घेणं हे आपल्याच हातात असतं. अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी घ्या. जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुवा, पहिली धार सोडून द्या, मधली डबीत धरा, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. डायपर पिळून किंवा बेडपॅनमधून घेतलेलं चालत नाही, त्यात बाहेरचे जंतू येतात. दोन तासांत लॅबला पोचवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा आणि 24 तासांच्या आत द्या. कॅथेटर (लघवीसाठी घातलेली नळी) असेल तर पिशवीतलं घ्यायचं नाही, आणि नळी दोन आठवड्यांपेक्षा जुनी असेल तर नर्सकडून बदलून मग नव्या नळीतून घ्यायचं. लघवीत पट्टी बुडवून करतात त्या टेस्टमध्ये नायट्राइट (जंतूंची खूण) आणि ल्युकोसाइट (पांढऱ्या पेशींची खूण) दोन्ही निगेटिव्ह आले तर इन्फेक्शनची शक्यता बरीच कमी होते, पॉझिटिव्ह आलं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

गोळी डॉक्टरच ठरवणार, पण क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चालतेय ते दाखवणारा रक्ताचा रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवा. नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनला चांगलं, साधारण पाच दिवस देतात, पण किडनी फार कमजोर असेल तर ते नको. फॉस्फोमायसिन 3 ग्रॅमची एकच पुडी असते. को-ट्रायमोक्साझोलने पोटॅशियम वाढू शकतं, बीपीच्या काही गोळ्यांसोबत तर जास्तच, आणि वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू असेल तर रक्त जास्तच पातळ होतं. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्यांनी म्हाताऱ्यांना टाचेच्या वरच्या टेंडनचा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाचा) त्रास आणि गोंधळ दोन्ही होऊ शकतात, म्हणून दुसरा पर्याय आहे का एवढं नक्की विचारा. पुरुषांना कोर्स सहसा सात दिवसांचा असतो, प्रोस्टेटमुळे लघवी साठतेय का तेही बघावं लागतं. घरातल्या जुन्या स्ट्रिपमधली उरलेली गोळी देऊ नका, कृपा करून.

थंडी वाजून ताप, उलट्या, बीपी उतरणं, गुंगी, किंवा लघवीच बंद, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल.

दोन दिवसांत आराम पडला नाही तर कल्चरचा (कोणता जंतू आहे आणि कोणती गोळी चालेल ते सांगणारा) रिपोर्ट घेऊन परत जा. त्रास थांबला असेल तर पुन्हा लघवी तपासत बसायची गरज नसते. बायकांना वारंवार होत असेल तर योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल डॉक्टरांना विचारा, पाळी गेल्यानंतर त्याने खरंच फरक पडतो, पण लाजेपायी हा विषय कोणी काढतच नाही, तर तुम्ही काढा.