पूर आला की मदत करायची कशी (जुने कपडे पाठवायच्या आधी हे वाचा)

पावसाळा लागला की आपल्याकडं व्हॉट्सॲपवर दोन गोष्टी ठरलेल्या, एक गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडल्याचा व्हिडिओ अन् दुसरं पूरग्रस्तांसाठी मदतीचं आवाहन. व्हिडिओ बहुतेक मागच्याच कोणत्यातरी वर्षाचा राहते. आवाहन मात्र खरंही असू शकते, म्हणून त्याचं काय करायचं ते सांगतो, बाकी मतं माझी आहेत, पटलं तर घ्या.

पहिल्या दिवशी जाऊच नका. 2020 च्या ऑगस्टमध्ये वैनगंगेला पूर आला, तिकडून मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी अन् इकडं गोसेखुर्दचे 33 च्या 33 दरवाजे उघडे, भंडारा, ब्रम्हपुरी, वडसा सगळीकडं पाणीच पाणी. अशा वेळी काम असते ते बोटवाल्यांचं, एसडीआरएफची (राज्याच्या आपत्ती दलाची) तुकडी नागपुरातच आहे. आपण चार जण गाडी घेऊन पुलावर बघायला गेलो की त्यांचाच रस्ता अडते. कोणी अडकलं दिसलं तर 112 लावा नाहीतर जिल्ह्याच्या कंट्रोल रूमचा 1077, अन् गावाचं नाव, तालुका, कोणत्या मोहल्ल्यात किती माणसं हे नीट सांगा. नुसतं "लवकर या" सांगून कोणाला काय समजणार?

आता कपडे. बाप्पा, हे बंद करा. पूर ओसरला की झेडपी शाळेच्या वऱ्हांड्यात ढीग पडते, चेन तुटलेले पॅन्ट, एकच ब्लाऊज, लग्नातला कोट, सगळं ओलं, वरून कुबट वास. घेणाऱ्यालाही लाज वाटते अन् मग ते उचलून फेकायचं काम गावच्याच लोकांना. द्यायचंच तर आधी सरपंचाला, पोलीस पाटलाला नाहीतर शाळेच्या मास्तरला एक फोन लावा, काय पाहिजे अन् किती घरांना. उत्तर बहुतेक असंच येते: ताडपत्री, झाकणाची बादली, मच्छरदाणी, बायांसाठी पॅड, माचिस, टॉर्च, गंज (पातेलं), ताट. शिजवलेली खिचडी पाठवायची तर जवळूनच पाठवा, तीन तास गाडीत राहिलेली खिचडी आंबते.

ढोरांचं तर कोणाच्या डोक्यातच येत नाही. माणसाला कोणी ना कोणी भात देते, पण घरातली कुटार वाहून गेली तर बैल काय खाईल? मला विचाराल तर एक ट्रॅक्टर कुटार नाहीतर दोन-चार पोते ढेप हे शंभर साड्यांपेक्षा मोठं दान आहे, अन् ते आपल्या खेड्यातून देता येते, शहरातल्या लोकांना ते जमत नाही.

पैसे द्यायचे तर मुख्यमंत्री सहायता निधी आहे, ओळखीची संस्था असेल तर तिला द्या. क्यूआर स्कॅन केल्यावर पिन टाकायच्या आधी वर नाव काय येते ते बघा, संस्थेच्या जागी भलत्याच माणसाचं नाव आलं तर तिथंच थांबा. अन् लिंक पाठवून कोणी ओटीपी मागत असेल तर तो चोर आहे, पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 ला फोन लावायचा, उशीर नाही करायचा. पावती मागायला लाजू नका. टॅक्स भरणाऱ्यांसाठी एवढंच, दानावरची 80जी ची सूट टॅक्सच्या जुन्या पद्धतीतच मिळते अन् 2000 च्या वर कॅश दिली तर तीही नाही.

खिशात पैसे नसतील तरी एक मोठं काम आहे जे कोणी करत नाही, कागदाचं. पाणी उतरलं की तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक पंचनाम्याला येतात, तेव्हा म्हाताऱ्या माणसाजवळ सातबारा नाही, पासबुक भिजलेलं, पडक्या भिंतीचा फोटो काढलेला नाही. तुमच्याजवळ मोबाईल आहे ना, मग चिखल साफ करायच्या आधी घराचे, वावराचे फोटो काढून ठेवा. पुढं अनुदानाच्या यादीत नाव आलं की यादीतला नंबर घेऊन सेतूत ई-केवायसी (अंगठा लावून ओळख पटवणं) बऱ्याच जणांना करावी लागते अन् निंदण करून करून ज्यांच्या बोटाच्या रेषा घासल्या त्यांचा अंगठा काही मशीन घेत नाही. अशा आजीला गाडीवर बसवून सेंटरला नेणं, नाही झालं तर अंगठ्याऐवजी डोळा स्कॅन करायचं मशीन कुठं आहे ते विचारून तिथं नेणं, पेट्रोल शंभर रुपयाचं लागते पण तिच्या खात्यात हक्काचे पैसे येतात. यात फोटो कोणी काढत नाही म्हणून बहुतेक लोक करत नसावेत.

अन् रक्त. त्याला पुराची वाट पाहायची गरज नाही, गडचिरोली-चंद्रपूरकडं सिकलसेलच्या (रक्ताच्या आजाराच्या) पोरांना बाराही महिने रक्त लागते. वय 18 च्या वर, वजन 45 किलोच्या वर, तब्येत चांगली असली की माणसाला 90 दिवसांनी अन् बाईला 120 दिवसांनी परत देता येते. शिबिरं 15 ऑगस्टला ढिगानं होतात अन् मे महिन्यात उन्हापायी कोणी फिरकत नाही, तर तुम्ही मे महिन्यातच जा, सकाळी ऊन चढायच्या आधी, पोटभर जेवून.