जुना लॅपटॉप विकताय? डिस्क पुसताना या चुका टाळा

लॅपटॉप विकायला काढला की बहुतेक जण फायली डिलीट करतात, रिसायकल बिन रिकामी करतात आणि निर्धास्त होतात. पण दारावरची पाटी काढली म्हणून बिऱ्हाड हलत नाही. डिलीट केल्यावर फायलीची नोंद जाते, मजकूर डिस्कवर तसाच राहतो. क्विक फॉरमॅटचंही तेच. फोटोरेकसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आधार कार्डाचं स्कॅन, बँकेची स्टेटमेंट, मुलांचे फोटो सहज वर काढतं. त्यासाठी फॉरेन्सिक लॅब लागत नाही. अमेरिकेत सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलात या संशोधकांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. चालू असलेल्या १२९ पैकी फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या.

माझ्या मते मुळातली चूक मात्र वेगळीच आहे: आपली डिस्क हार्ड डिस्क (फिरत्या चुंबकी तबकड्यांवर मजकूर ठेवणारी) आहे की एसएसडी (चिपमध्ये मजकूर ठेवणारी), हे न बघताच कामाला लागणं. विंडोज १० किंवा ११ मध्ये टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबवर ते दिसतं. आधी ते पाहा, कारण एकीचं औषध दुसरीला चालत नाही.

हार्ड डिस्क असेल तर काम सोपं आहे. संपूर्ण डिस्कवर एकदा शून्यं लिहिली की पुरे. ३५ वेळा पुसायचा सल्ला संगणक सुरक्षेचे संशोधक पीटर गटमन यांच्या १९९६ च्या शोधनिबंधातून आला. तो निरनिराळ्या जुन्या तंत्रांच्या डिस्क एकत्र धरून केलेला होता. आजच्या डिस्कला त्याची गरज नाही, हे गटमन यांनी स्वतःच नंतर लिहिलं. १ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगानं एकदा पुसायला सुमारे २ तास लागतात. ३५ फेऱ्यांना अडीच दिवसांहून जास्त, आणि पदरात जादा काहीच पडत नाही. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये क्विकची खूण काढून केलेलं पूर्ण फॉरमॅट शून्यं लिहितं, पण फक्त त्याच पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या तेवढ्याच भागावर. डी ड्राइव्ह विसरू नका.

खरी गफलत होते ती एसएसडीत. तिच्या चिपमधल्या, मजकूर साठवणाऱ्या पेशी सारख्या झिजाव्यात म्हणून तिचा कंट्रोलर (तिचं काम चालवणारी चिप) नवा मजकूर जुन्याच्या जागी न लिहिता दुसरीकडे लिहितो. शिवाय थोडी जागा त्यानं स्वतःसाठी राखलेली असते आणि ती विंडोजला दिसतच नाही. त्यामुळे ‘फाइल श्रेडर’ वापरून वर कितीही लिहिलं, तरी जुनी प्रत कुठेतरी उरू शकते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे तपासलं, तेव्हा एकेक फाइल पुसायची हार्ड डिस्कची कोणतीही पद्धत एसएसडीवर खात्रीची ठरली नाही.

म्हणून एसएसडीला तिचाच आदेश द्यावा लागतो: साटा असेल तर सिक्युअर इरेज, एनव्हीएमई असेल तर फॉरमॅट किंवा सॅनिटाइझ (साटा आणि एनव्हीएमई म्हणजे ड्राइव्ह लॅपटॉपशी बोलण्याच्या दोन पद्धती). बऱ्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) हा पर्याय असतो, नाहीतर ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर मिळतं. साटा ड्राइव्ह ‘फ्रोझन’ आहे, म्हणजे पुसायचा आदेश घेत नाही, असा संदेश आला तर घाबरू नका. लॅपटॉप स्लीपमध्ये टाकून जागा केला की बहुधा अडसर निघतो. ड्राइव्ह बाहेरून जोडायच्या यूएसबी केसमधून हा आदेश अनेकदा पोहोचत नाही, ड्राइव्ह थेट मदरबोर्डालाच जोडा. आणि ‘यशस्वी’ एवढं वाचून थांबू नका. त्याच संशोधनात एका ड्राइव्हनं यशस्वी म्हणून कळवलं होतं, पण डेटा जागच्या जागी होता. फोटोरेक एकदा स्वतः चालवून बघाच.

बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा मजकूर सांकेतिक करून ठेवणारी विंडोजची सोय, पहिल्या दिवसापासून चालू असेल तर ही चिंता बरीच कमी होते, कारण किल्ली नष्ट झाली की उरतो तो निरर्थक मजकूर. मात्र विकायच्या आदल्या रात्री ‘फक्त वापरलेली जागा’ हा पर्याय निवडून तो चालू केला, तर आधी डिलीट केलेलं सगळं उघडंच राहतं.

बंद पडलेली डिस्क फोडूनच टाका. एसएसडीवर चुंबकाचा उपयोग होत नाही आणि एकच भोक पाडलं तर चिप वाचू शकते. प्रत्येक चिप फुटली पाहिजे.

हे सगळं करण्याआधी बॅकअपची डिस्क आणि पेनड्राइव्ह काढून बाजूला ठेवा. पडद्यावर दिसणारी क्षमता आणि सिरियल नंबर डिस्कवरच्या लेबलशी ताडून पाहा, मगच एंटर दाबा. चुकीची डिस्क पुसली गेली तर तिच्यावरचे फोटो कोणीच परत आणू शकत नाही.