‘माझ्याकडे तर नीट चालतंय’: वेब ॲनिमेशनमध्ये या चुका टाळा

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात क्लायंटचा फोन आला. सराफी पेढी, मुखपृष्ठावर हळुवार फिरणारी सोन्याची बांगडी. “अहो, तुमची बांगडी आहे की भिंगरी? आमच्या सूनबाईंच्या फोनवर बघवत नाही हो!” माझ्या मॉनिटरवर ती राजेशाही थाटात फिरत होती. सूनबाईंचा अँड्रॉइड मात्र नवा, १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा होता.

चूक माझीच. दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरच्या प्रत्येक नव्या चित्राला, बांगडी एक अंश पुढे ढकलत होतो. ६० हर्ट्झवर तिचा फेरा सहा सेकंदांत होतो आणि १२० वर तीन सेकंदांत. रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेम (दर फ्रेमला आपलं फंक्शन चालवणारी ब्राउझरची सोय) स्क्रीनच्या वेगाने धावतं. उलट आयफोन लो पॉवर मोडवर असला की सफारी ते ३० वर आणतं, आणि तिथे तीच बांगडी पेंगायला लागते. म्हणून ‘फ्रेमला एक अंश’ असं लिहू नका, ‘सेकंदाला साठ अंश’ असं लिहा. फंक्शनला वेळेचा आकडा आयता मिळतो. त्यातून मागच्या फ्रेमची वेळ वजा करा आणि त्या फरकाने गुणा.

यातही दोन खाचखळगे आहेत. कर्सरच्या मागे मऊपणे येणाऱ्या गोष्टींसाठी आपण सगळेच ‘उरलेल्या अंतराचा दहावा भाग’ ही युक्ती वापरतो. तिथे नुसता गुणाकार पुरत नाही. एक वजा एक्सपोनेन्शियलचं सूत्र, म्हणजे १ − e^(−k × वेळेचा फरक), घ्यावं लागतं, नाहीतर दर स्क्रीनवर मऊपणा वेगळा. दुसरं म्हणजे टॅब मागे गेला की फ्रेम थांबतात. माणूस जेवून परत आला की वेळेचा फरक अर्ध्या तासाचा निघतो, आणि स्प्रिंगवर लटकवलेली प्रत्येक वस्तू स्क्रीनबाहेर उडते. फरकाला ५० मिलिसेकंदांची वेसण घाला.

आता आपल्या खास दुखण्याकडे येऊ. याबद्दल इंग्रजी ट्युटोरियलमध्ये अवाक्षर नसतं. क्लायंटला ‘नववर्षाच्या शुभेच्छा’ अक्षर-अक्षर वरून पडताना हवं होतं. स्ट्रिंग (मजकूर) तोडायची, प्रत्येक तुकड्याला स्पॅन (वेगळं हलवता येणारं एचटीएमएलचं वेष्टन) लावायचा, झालं काम? ‘नववर्षाच्या’ या शब्दाचे असे अकरा तुकडे होतात. काना एकटाच ठिपक्यांच्या वर्तुळाला धरून खाली येतो आणि रफाराचा नुसता ‘र’ होतो, त्याचा हलन्त वेगळाच पडतो. वाचणाऱ्याला दिसतात ती अक्षरं पाचच: न, व, व, र्षा, च्या.

यासाठी मजकुराची दिसणारी अक्षरं पाडून देणारं ब्राउझरमधलं इंटल-सेगमेंटर वापरा. फायरफॉक्सने ते २०२४ मध्ये दिलं, क्रोम आणि सफारीकडे आधीपासून होतं. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. देवनागरी जोडाक्षर अखंड धरायचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला. जुन्या ब्राउझरमध्ये याच शब्दाचे सात तुकडे पडतात, ‘र्’ आणि ‘षा’ वेगवेगळे. हलन्ताने संपणारा तुकडा पुढच्याला चिकटवायची चार ओळींची सोय स्वतः करून ठेवा.

हे सगळं करूनही शिरोरेषा तुटतेच. पडताना तुटली तर हरकत नाही, पण स्थिरावल्यावरही स्पॅनच्या सांध्यांवर बारीक फटी दिसतात. ॲनिमेशन संपताच स्पॅन काढून मूळ मजकूर परत बसवणं हा उपाय. लेटर-स्पेसिंगच्या (अक्षरांमधलं अंतर बदलण्याच्या) तर वाटेला जाऊ नका. माझं मत विचाराल तर देवनागरीत अक्षर नाचवूच नये, अख्खा शब्द किंवा ओळ हलवावी. तीही मास्कमधून (बाहेरचा भाग झाकणाऱ्या चौकटीतून) वर आणताना लाइन-हाइट (ओळीची उंची) १ ठेवलीत की वेलांटी, रफार आणि खालचे उकार कापले जातात. मास्कला वर-खाली पॅडिंग द्या. आणि फॉन्ट उतरण्याआधी ओळी मोजू नका, कारण फॉन्ट बदलला की ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात.

कॅनव्हासचं (कोडने चित्र रंगवायच्या पानावरच्या चौकटीचं) दुखणं बहुधा पिक्सेलचं असतं. डिव्हाइस-पिक्सेल-रेशो (पानाच्या एका पिक्सेलच्या रुंदीत स्क्रीनचे किती पिक्सेल बसतात तो आकडा) जसाच्या तसा घेतला तर ३ असलेल्या फोनवर नऊपट पिक्सेल रंगवावे लागतात. २ वर थांबा, फरक कुणाला कळत नाही. ‘इमेज तर ३०० केबीची आहे’ हा युक्तिवादही फसवा. जीपीयूमध्ये (चित्रं रंगवणाऱ्या चिपमध्ये) ती उलगडते, आणि ४०९६ बाय ४०९६ चं एक टेक्स्चर (जीपीयूतली इमेज) ६४ एमबी खातं. मोबाइलवर स्क्रोल करताना ॲड्रेस बार लपला की रिसाइझ इव्हेंट (आकार बदलल्याची सूचना) येऊ शकतो, आणि कॅनव्हासची रुंदी-उंची नुसती पुन्हा लिहिली तरी तो कोरा होतो. ‘मध्येच पांढरा चमकतो’ या तक्रारीत मी आधी हेच तपासतो. रुंदी बदलली नसेल तर काही करू नका.

अडखळतंय म्हणून सगळीकडे विल-चेंज (‘हे हलणार आहे’ असं ब्राउझरला आधी सांगणारी सीएसएसची ओळ) फवारू नका, ते मेमरी खातं. वस्तू हलवायला लेफ्ट-टॉप ऐवजी ट्रान्सफॉर्म घ्या. दोष कुठे आहे ते शोधायचं असेल तर कॅनव्हास चतकोर करून बघा. वेग वाढला तर भार पिक्सेलवर, म्हणजे शेडरवर (पिक्सेलचा रंग काढणाऱ्या जीपीयूच्या कोडवर) आहे. नाही वाढला तर जावास्क्रिप्टमध्ये किंवा ड्रॉ-कॉलच्या (जीपीयूला दिलेल्या ‘हे रंगव’ अशा हुकमांच्या) संख्येत गडबड आहे. ही दोन मिनिटांची चाचणी करायच्या आधी कोडला हात लावू नका. क्रोममधला सीपीयू थ्रॉटलिंगचा (प्रोसेसर मुद्दाम मंद करण्याचा) पर्यायही कामाचा, पण तो जीपीयूला मंद करत नाही. त्यासाठी जुना फोन केबलने जोडावाच लागतो.

आवाज क्लिकशिवाय वाजत नाही, आयफोन तिरका केल्याचं भान परवानगीशिवाय मिळत नाही. दोन्हीसाठी एक बटण ठेवा. आणि ज्यांनी फोनमध्ये ‘मोशन कमी’ निवडलंय त्यांच्यासाठी बांगडी स्थिर ठेवा. चक्कर येणं ही काहींसाठी खरोखरची व्याधी असते. आपणहून सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त हलणाऱ्या गोष्टीला थांबवायची सोय हवी, असं सुलभतेचा डब्ल्यूसीएजी निकषही सांगतो. माझ्या बांगडीला ती नव्हती, नंतर दिली.

आता ती सगळ्या फोनांवर बरोबर सहा सेकंदांत फिरते. परवा पेढीवरून पुन्हा फोन आला, “जरा जोरात फिरवता येईल का?”